खळ

दर शनिवारी पाद्री हानुसची गळपट्टी
माझ्या टेबलावर येते.
पांढरी, चाकासारखी गोल.
तिला घट्ट खळ लागते, तापलेली सळई लागते,
आणि एकेक चुणी बोटाने धरून
आठाच्या आकड्यासारखी वळवावी लागते.
आमच्या बेटावर हे काम येणारे हात आता दोनच,
दोन्ही माझे.

त्या शनिवारी तो स्वतः घेऊन आला.
टोपी काढली, बसला नाही.
म्हणाला, मालान, तुझ्या भाच्याचं कानावर आलं.
म्हटलं, येणारच. सहाशे मेंढ्या, चाळीस माणसं,
इथे वारासुद्धा चहाड्या करतो.
म्हणाला, मी नाही लावणार त्यांचं लग्न.
कायद्याने मला मोकळीक दिली आहे.
आणि खिशातून चौघडी कागद काढला,
एका ओळीखाली निळ्या शाईची रेघ:
कुठल्याही पाद्र्याला भाग पाडता येणार नाही.

मी कागद घेतला नाही, बोटं खळीने भरलेली.
म्हटलं, हानुस, तुला विचारलंय कोणी?

तो गप्प. किटली तेवढी बोलत राहिली.

रोई आणि हेयीन आदल्या दिवशीच बोटीने
तोर्शाव्हनला जाऊन आले होते.
सरकारी टेबलासमोर उभे राहिले, सह्या केल्या,
कारकुनाने पेन परत मागून घेतलं.
झालं.
हानुसने रात्री जागून परजलेला नकार
तसाच राहिला त्याच्या हातात,
मेंढी न मिळालेल्या सुरीसारखा.

मी हसले नाही.
रोईच्या कपाळावर पहिलं पाणी यानेच घातलं.
रोईचा बाप समुद्रातून परतला नाही तेव्हा
तीन दिवस वल्हं मारत शोधत होता हाच,
तळव्यांची सालं निघेपर्यंत.
आणि जबरीने काढलेला आशीर्वाद
मलाही नकोच होता,
उपटलेल्या दातासारखा,
वरून पांढरा, मुळाशी रक्त.

त्याच्या नकाराला कुंपण आहे, असू दे.
पण तो गेल्यावर सळई चुलीत सारताना वाटलं,
खळ घालणाऱ्या बोटांना सदसद्विवेक असतो
असं कुठल्या कलमात लिहिलंय?

रात्री नावांच्या खोपटात नाच रंगला.
वाद्य नाही, फक्त गळे आणि फळ्यांवरचे बूट:
दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे,
हातात हात, ज्याला सुरुवात नाही असं कडं.
तेव्हा तो दारात दिसला.
गळपट्टी नाही, मान उघडी,
सोललेल्या बटाट्यासारखी.
काखेत वाऱ्यावर सुकवलेली मेंढीची तंगडी,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
ती त्याने पिंपावर ठेवली
आणि चौकटीला टेकून उभा राहिला,
ना आत, ना बाहेर.

रोईने पाहिलं. शेजाऱ्याचा हात सोडला,
पंजा उघडा धरून नाचत राहिला.
एक वेढा तो रिकामा पंजा हानुससमोरून गेला,
दुसरा वेढा गेला.
तिसऱ्याला मी भिंतीकडे वळले होते.
फिरून पाहिलं तर दारात काळोख होता,
आणि रोईचा हात कोणीतरी धरला होता,
कोणी ते गर्दीत कळलं नाही.
तंगडी पहाटेपर्यंत संपली.

काठी मारल्याने पाणी तुटत नाही,
माझी आई म्हणायची.
तिने बर्फ पाहिला नव्हता असं थोडंच आहे.

रविवारी देवळात, छताला टांगलेल्या लाकडी गलबताखाली,
तो प्रवचनाला उभा राहिला.
डाव्या कानाखालची एक चुणी
मी सळईशिवाय सोडली होती.
ती तासभर मान टाकून पडली होती.
बोलता बोलता त्याचं बोट दोनदा तिथे गेलं,
माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

आज पुन्हा शनिवार.
गळपट्टी आली आहे, मुलाच्या हाती,
चुणीबद्दल चिठ्ठी नाही.
खळ शिजते आहे.
अजून ठरवलेलं नाही मी काही.